जखमी खेळाडूचं मानधन तोडू नका : कबड्डी लीगच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
लीगचं संचालक मंडळ आणि सर्व संघमालक

सप्रेम नमस्कार.

नव्या हंगामाचं करारपत्र खेळाडूंच्या मोबाईलवर गेलं आणि तेव्हापासून माझा फोन थांबलेला नाही. चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा, कुठून कुठून पोरं पीडीएफ पाठवतात. करार इंग्रजीत आहे, तीन दिवसांत सही करून परत पाठवा असा निरोप सोबत आहे. पारोळ्याकडचा एक चढाईपटू म्हणाला, "ताई, कागदवर काय लिखेल शे ते माले समजनं नही. सही करी नही ते शिबिरमा लेतीन का?"

शिबिरात घेतील की नाही, हे मी त्याला सांगू शकत नव्हते. ते तुम्हीच सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी जळगावच्या कामगार न्यायालयात वकिली करते. वडील अमळनेरला गिरणी कामगार होते. डाळ मिल, चटईचे कारखाने, साखर कारखाने यांतल्या माणसांची प्रकरणं चालवत असताना तुमच्या लीगने मला सल्लागार म्हणून बोलावलं आणि काही हंगाम मी तुमच्यासाठी काम केलं. यंदा मी ते काम सोडलं आहे. तुमच्याविरुद्ध खेळाडूंचं वकीलपत्र मी घेणार नाही. ज्या अशिलाचं काम केलं त्याच्याविरुद्ध त्याच विषयात उभं राहायला आमच्या व्यवसायाचे नियम मनाई करतात, आणि तो नियम मला मान्य आहे. वकील म्हणून तुम्ही मला विश्वासाने सांगितलेलं एक अक्षरही या पत्रात नाही. जे लिहिते आहे ते शेकडो मोबाईलवर पोचलेल्या करारपत्रावरून आणि खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींवरून.

लीगची कामगार वकील म्हटलं की लोकांना वाटतं, बोलीच्या टेबलावर बसायचं आणि पहिल्या रांगेतून सामने बघायचे. प्रत्यक्षात दिवस जातो करारांची परिशिष्टं तपासण्यात, शिस्तभंगाच्या नोटिसांवर सुनावणी घेण्यात, कंत्राटदाराचं हजेरीपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीची चलनं जुळवण्यात, विमा कंपनीकडे अडकलेल्या दाव्यामागे लागण्यात. हे काम मला मनापासून आवडत होतं. चांगला करार कुणाच्या लक्षातही येत नाही. हंगाम सुरळीत पार पडतो एवढंच दिसतं. नव्या करारातल्या ज्या बदलांवर मी खाली लिहिते आहे, ते हंगाम सुरळीत पार पडू देणार नाहीत.

सगळ्यात आधी दुखापतीचं कलम.

जुन्या करारात सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर उरलेल्या हंगामाचं पूर्ण मानधन आणि बरा होईपर्यंतचा उपचारखर्च संघाने द्यायचा होता. नव्या करारात ते कलम नाही. त्याच्या जागी आहे ते असं, की खेळाडू सामना खेळण्यास असमर्थ ठरला त्या दिवसापासून मानधन देय राहणार नाही, आणि विम्याचं संरक्षण अंतिम सामन्याच्या दिवशी संपेल.

कबड्डीत गुडघा कसा जातो हे तुम्हा सर्वांना माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेकडे वळतो, तेव्हा त्याचा एक पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो. त्याच क्षणी कोपऱ्यातला बचावपटू घोटा धरतो आणि मधले दोघं वरून येतात. शरीर एका दिशेला फिरतं, गुडघा जागेवरच राहतो. आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रिया झाली तरी पुन्हा मॅटवर यायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि ते वर्ष नीट व्यायाम, फिजिओ, चांगला आहार यांत गेलं तरच.

यातला काही धोका खेळाचा आहे, काही तुम्ही वाढवलेला आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचं, हा नियम मातीवरच्या जुन्या कबड्डीत नव्हता. तो आला टीव्हीवरच्या प्रेक्षकासाठी. सामना रंगतो, हे खरं आहे, आणि मलाही तो बघायला आवडतो. पण त्या तिसऱ्या चढाईत पोरगा चार-पाच जणांच्या घोळक्यात शिरतो तो तुमच्या नियमाने. जाहिरातीचे पैसे त्या तीस सेकंदांवर मिळतात. मग त्या तीस सेकंदांत मोडलेल्या गुडघ्याचा खर्च त्याच्या बापाने कापूस विकून का भरायचा?

जामनेरकडच्या एका कोपरारक्षकाचा गुडघा मागे सरावात गेला. त्याच्या परवानगीने लिहिते. जुन्या कलमामुळे त्याचं मानधन थांबलं नाही, शस्त्रक्रिया लवकर झाली, फिजिओचे पैसे संघाने दिले. तो आज पुन्हा खेळतो आहे. संघाला तयार खेळाडू परत मिळाला, त्याच्या घरावर कर्ज झालं नाही. हे कलम कुणावर केलेले उपकार नव्हते. ते चालत होतं. चालणारी गोष्ट काढून टाकायचं कारण खेळाडूंना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतल्या खेळाडूला दुखापत झाली तरी त्याचा पगार चालू राहतो. ज्याला नोकरी नाही, जो अजून पाच टक्के क्रीडा आरक्षणातून भरती होण्याची वाट बघतो आहे, त्याचं तसं नाही. खान्देशातून तुमच्याकडे येणारी पोरं बहुतेक अशीच आहेत. गुडघा गेला की मानधनाबरोबर पोलीस भरतीचं मैदानही गेलं.

दुसरी गोष्ट, खेळाडूला 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणणं.

नव्या करारात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की खेळाडू आणि संघ यांच्यात मालक-नोकर असं कोणतंही नातं नाही. आणि पुढच्या पानांवर काय आहे? सकाळी किती वाजता उठायचं, काय खायचं, वजन किती ठेवायचं, रात्री खोलीबाहेर कधी जायचं नाही, समाजमाध्यमांवर काय लिहायचं नाही, प्रायोजकाच्या चित्रीकरणाला कधी हजर राहायचं, आणि यातलं काही चुकलं तर दंड किती. वेळ तुमची, मॅट तुमची, जर्सी तुमची, शिस्त तुमची. एवढा ताबा ज्याच्यावर आहे तो स्वतंत्र कसा?

नाव काय दिलं यावर कायदा थांबत नाही. सौराष्ट्रातल्या मिठागरांवर काम करणारे अगरिया हंगामापुरते यायचे, मीठ जितकं निघेल त्या हिशोबाने पैसे घ्यायचे, आणि मालक म्हणत होता की हे कंत्राटदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात त्यांना कामगार ठरवलं, कारण कामावर देखरेख आणि ताबा मालकाचा होता. १९७३ साली शिंपीकामाच्या दुकानातल्या, नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांबाबतही न्यायालयाने त्यांना नोकरीतलंच धरलं. हंगामी काम आणि कामागणिक पैसे, एवढ्यावरून माणूस स्वतंत्र ठरत नाही, हे सत्तर वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे.

तुमच्याकडून यावर येणारं उत्तर मला माहीत आहे, कारण ते जाहीर कार्यक्रमांत अनेकदा ऐकलं आहे. आयकर खातं २००८ पासून खेळाडू, पंच, प्रशिक्षक, फिजिओ यांना व्यावसायिक समजतं आणि त्यांच्या पैशातून दहा टक्के कापले जातात. बरोबर आहे. पण ती कर कापण्याची सोय आहे. मालक कोण आणि कामगार कोण हे कामगार कायदा आपल्या कसोटीवर ठरवतो. कोट्यवधींची बोली लागलेला खेळाडू कामगार मानायचा का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला त्या वादात आत्ता पडायचं नाही. मी बोलते आहे तळाच्या श्रेणीतल्या आणि राखीव पोरांबद्दल. नव्या करारात राखीव खेळाडूला फक्त मॅटवर उतरला त्या सामन्याचे पैसे आहेत. तो शिबिरात असतो, सराव करतो, संघाबरोबर गावोगाव फिरतो, आणि नाव पुकारलं नाही तर रिकाम्या हाताने परत येतो. गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार हजेरीची वाट बघत उभे राहायचे, तेच हे.

हंगाम दोन-तीन महिन्यांचा म्हणून नोकरीचं नातं नको, हाही मुद्दा आता टिकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या नोकरीला स्पष्ट जागा दिली आहे आणि तशा कामगाराला कायमच्या कामगाराच्या तोडीचं वेतन, आणि कायद्याने मिळणारे लाभ त्याच्या मुदतीच्या प्रमाणात द्यायचे आहेत. तुमच्या हंगामाला बसेल असा साचा कायद्यातच आहे.

तिसरी गोष्ट बंधनांची, आणि ती खान्देशाला जास्त लागते. मानधन हंगामापुरतं, पण वर्षभर दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत खेळायचं नाही. शिवाय हंगाम संपल्यावर पुढची दोन वर्षं खेळाडूला ठेवायचं की नाही, हे एकट्या संघाने ठरवायचं. गावोगावच्या यात्रा, शिवजयंती, आंबेडकर जयंती यांच्या निमित्ताने होणाऱ्या स्पर्धांवर आमच्याकडची पोरं वर्ष काढतात. बक्षिसाची रक्कम सात-आठ जणांत वाटली तरी बुटांचा, प्रवासाचा, दुधाचा खर्च निघतो. लहान पोरं चढाई शिकतात ती याच मैदानांवर बघून. करार चालू असताना काही बंधनं घालता येतात, हे मीच अनेक खेळाडूंना समजावलं आहे. पण ज्या महिन्यांचे पैसे देत नाही त्या महिन्यांवरही हक्क सांगणं अन्यायाचं आहे. आणि करार संपल्यानंतरची बंधनं १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली झहीर खानच्या प्रकरणात एका जाहिरात-व्यवस्थापन कंपनीला हेच सांगितलं. धंद्यातल्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या स्पर्धा आयोगाने २०१८ साली बुद्धिबळ महासंघाला दंड केला तोही खेळाडूंना मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळायला अडवलं म्हणून. हा मार्ग पुढे कुठे जातो ते दिसत असताना तुम्ही त्यावर चालू नये.

चौथं, तक्रार कुठे करायची. नव्या करारात वाद झाला तर एकच लवाद, त्याची नेमणूक संघमालक करणार, सुनावणी मुंबईत, कामकाज इंग्रजीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच न्याय देणारा नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या निकालात नाकारलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पोराला तर आधी नंदुरबारपर्यंत यायचं. थकलेल्या मानधनासाठी तो दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं घालून तुमच्याच माणसापुढे इंग्रजीत बोलेल, अशी अपेक्षा कुणी करत नसेल. तक्रार येऊच नये यासाठीच हे कलम आहे, असं खेळाडूंना वाटतं आणि मला त्यांचं चूक म्हणता येत नाही.

मॅट अंथरणारे, गुंडाळणारे, दिवे लावणारे, गुणफलक सांभाळणारे यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांना 'स्वयंसेवक' म्हणून ओळखपत्र देऊ नका. मजुरी घेणारा माणूस स्वयंसेवक नसतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळालासुद्धा राज्य कर्मचारी विमा कायद्याखाली आणलं. तुम्ही त्याच्या बाहेर राहाल असं समजू नका.

आता त्या कलमाबद्दल, ज्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. दोन किंवा अधिक खेळाडूंनी मिळून लीगकडे निवेदन दिलं तर तो शिस्तभंग, असं नव्या करारात आहे. मागच्या हंगामात थकलेल्या भत्त्यासाठी काही पोरांनी मोबाईलवर गट केला तेव्हा त्यांना समज दिली गेली होती, हे त्यांनीच मला दाखवलं. संघटना करण्याचा हक्क या देशात घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात सात जण एकत्र येऊन संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकत होते, आणि सात जण म्हणजे कबड्डीचा एक संघ. नव्या संहितेतही सात जणांची ती सोय कायम आहे.

तुम्ही संघटनेला घाबरता आहात, आणि तसं घाबरायचं कारण नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये १९६६ साली खेळाडूंनी मार्विन मिलर यांना आणलं. ते पोलाद कामगारांच्या संघटनेतून आले होते. १९६८ साली पहिला सामूहिक करार झाला आणि किमान वेतन सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर गेलं. दोन वर्षांनी तक्रारींसाठी निष्पक्ष लवाद आला. लीग बुडाली नाही, ती मोठी झाली. बास्केटबॉलच्या त्यांच्या लीगमध्ये आज उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा सामूहिक कराराने खेळाडूंकडे जातो.

लीगची माजी वकील म्हणून मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सगळ्या संघमालकांनी एकत्र बसून खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा ठरवायची, कुणी कुठे खेळायचं हे बोलीने ठरवायचं, हे इतर कुठल्याही धंद्यात केलं तर स्पर्धा कायदा आडवा येईल. अमेरिकी फुटबॉल लीगच्या मालकांनी सरावगटातल्या खेळाडूंचं वेतन सरसकट आठवड्याला एक हजार डॉलर ठरवलं. खेळाडू न्यायालयात गेले आणि १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात मालक जिंकले. ते जिंकले कारण खेळाडूंच्या संघटनेशी त्यांची बोलणी झाली होती आणि हा निर्णय त्या बोलण्यांतून निघाला होता. समोर संघटना होती म्हणून मालकांना संरक्षण मिळालं. आपल्याकडे असा प्रश्न उद्या उभा राहिला तर तुम्ही काय दाखवाल? तीन दिवसांत सही करून मागितलेली पीडीएफ? खेळाडूंची मान्यता हीच तुमच्या बोलीची, तुमच्या खर्चमर्यादेची सर्वांत मजबूत ढाल आहे, आणि तुम्ही ती शिस्तभंग म्हणून मोडायला निघाला आहात.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांना खेळाडूंची समिती ठेवायला सांगितलं आहे. खासगी लीगने ते सक्तीची वाट न बघता करावं.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

शिबिर सुरू होण्याआधी नवा करार मागे घ्या. खेळाडूंशी बोलून नवा मसुदा होईपर्यंत जुन्याच करारावर हंगाम खेळवा. सही केली नाही म्हणून कुणालाही शिबिरातून वगळू नका, आणि हे लेखी जाहीर करा.

दुखापतीचं जुनं कलम जसंच्या तसं परत घाला. विमा अंतिम सामन्याला संपता कामा नये. हंगामात झालेल्या दुखापतीचा उपचार पूर्ण होईपर्यंत तो चालू राहावा.

राखीव खेळाडूला शिबिराच्या पहिल्या दिवसापासून ठरावीक मानधन द्या, सामना मिळो न मिळो. तळाच्या श्रेणीतल्या खेळाडूंना ठरावीक मुदतीच्या नोकरीवर घ्या.

हंगामाबाहेर स्थानिक स्पर्धा खेळायची मोकळीक द्या. पुढच्या हंगामासाठी खेळाडू राखायचा असेल तर त्याची संमती घ्या आणि राखून ठेवल्याचे पैसे द्या.

लवाद दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमा. सुनावणी खेळाडूच्या जिल्ह्यात किंवा व्हिडिओवर, मराठीत घ्या. करार मराठीतही द्या, वाचायला आणि कुणाला तरी दाखवायला पंधरा दिवस द्या, आणि दोन्ही प्रतींत फरक निघाला तर खेळाडूने वाचलेली मराठी प्रत ग्राह्य धरा.

एकत्रित निवेदनावरची बंदी काढून टाका. प्रत्येक संघातून खेळाडूंनीच निवडलेले दोन प्रतिनिधी घेऊन समिती करा. महिला खेळाडूंचे प्रतिनिधी वेगळे असू द्या, कारण त्यांच्या राहण्या-प्रवासाच्या तक्रारी पुरुषांच्या यादीत शेवटी जातात. मैदानावरच्या मजुरांना त्यांच्या कामाचं नाव आणि विम्याचा नंबर द्या.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांचा खर्च तुमच्या लेखापालाने काढून तो खेळाडूंच्या प्रतिनिधींपुढे ठेवावा. परवडत नाही असं आकड्यांनी दाखवलंत तर पोरं ऐकून घेतील. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना न परवडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मसुद्यात दुरुस्तीसाठी माझी मदत हवी असेल तर फी न घेता करीन, मात्र खेळाडूंचे प्रतिनिधी समोर बसलेले असतील तेव्हाच. बैठक जळगावला घेतलीत तर धुळे-नंदुरबारच्या पोरांनाही येता येईल. उत्तर मला एकटीला पाठवू नका. करारपत्र ज्या नंबरांवर पाठवलं, त्याच सगळ्या नंबरांवर, मराठीत पाठवा.

आपली,
लीगची माजी कामगार सल्लागार
जळगाव